इंजिनाच्या पोटातली नळी

उत्तरेकडच्या मोठ्या सरोवराकाठी असलेल्या आमच्या केटल बे गावात लोक चेष्टेनं म्हणायचे, अर्वो लेहतोशी भांडायचं असेल तर मे महिन्यात भांडून घ्या, म्हणजे बर्फ पडेपर्यंत तो विसरेल. कारण बर्फ ढकलायचा ट्रक त्याच्या हातात होता. खरं म्हणजे त्यानं कुणाचं दार मुद्दाम बुजवल्याचं मला तरी आठवत नाही. तांब्याची खाण बंद पडली तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला गडी होता. बरोबरीचे सगळे डेट्रॉइटला, शिकागोला पांगले. हा मागं राहिला आणि कौंटीच्या ट्रकवर लागला. त्यानंतर सरोवराकडून वारा सुटला आणि खिडक्या पांढऱ्या झाल्या, की पहाटेचा पहिला आवाज त्याच्या पात्याचा. मी मुलांना सांगायचे, "उठा रे, अर्वो जाऊन आला, शाळा आहे आज." मुलं अर्वोला शिव्या घालत उठायची.

त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात त्याची बायको हेल्मी होती. अंगानं लहानखुरी, हसणं मात्र अंगाच्या दुप्पट. शनिवारी ती वेलदोड्याचा निसू पाव भाजायची आणि सौना, म्हणजे परसातली वाफेची न्हाणी, तापला की खिडकीतून मला हाक मारायची, "मार्लिस, येतेस का, की नवऱ्याची परवानगी काढायचीय?" माझं आणि त्यांचं कुंपण एकच. म्हणजे कुंपण नव्हतंच, गुलाबी फुलांच्या झुडपांची एक रांग होती, तिच्यातून जायची-यायची वाट पडली होती.

आणि त्यांची गाडी. गर्द हिरवी प्लिमथ, पन्नास सालची. लग्न झालं त्या वर्षी अर्वोनं ती घेतली. लग्नाच्या दिवशीच तो हेल्मीला म्हणाला होता, "निवृत्त झालो की हिच्यात बसवून तुला पश्चिमेला नेतो. जिथं वर्षभर खिडकी उघडी ठेवता येते."

"खिडकी उघडी ठेवून मी करू काय?" हेल्मीनं विचारलं होतं. ही गोष्ट ती प्रत्येक नव्या माणसाला सांगायची, आणि प्रत्येक वेळी तितकीच हसायची.

तिची छाती आधीपासून नाजूक. शाळेतून निवृत्त झाली त्या हिवाळ्यात खोकला बसला तो उठेना. इथं हिवाळ्यात घरोघरी लाकडं जळतात, धूर वर जात नाही, गावावरच बसून राहतो. दवाखान्यात बरेच दिवस काढून ती घरी आली ती सावलीसारखी. डॉक्टरनं सांगितलं, कोरड्या, गरम हवेत जा, दुसरा इलाज नाही. त्यांची मुलगी कॅरल ॲरिझोनात, टुसॉनला नोकरीला. ती येऊन आईला घेऊन गेली. एका हिवाळ्यापुरतं, असं ठरलं होतं. विमानतळावर हेल्मी अर्वोला म्हणाली, "एप्रिलला येते. झाडांना पाणी घाल, आणि माझ्या कढईत अंडी तळू नकोस."

एप्रिलमध्ये ती आली, आठवडाभरात पुन्हा धाप लागली, आणि परत गेली. मग कुणी एप्रिलचं नाव काढलं नाही.

अर्वो एकदा नाताळला बसनं तिकडे जाऊन आला. दोन दिवस जायला, दोन यायला. आल्यावर मी विचारलं कसं होतं, तर म्हणाला, "नाताळला लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात. झाडाला पानं नाहीत, काटेच." एवढंच. हेल्मीनं त्याला परतताना सांगितलं होतं, ते मला तिनंच नंतर सांगितलं: "पुन्हा बसनं येऊ नकोस. बसनं पाहुणे येतात. येशील तर हिरवीतून ये, बाडबिस्तरा घेऊन ये, कायमचा ये."

म्हणून दर रविवारी दुपारी फोन व्हायचा, आणि हेल्मीचा पहिला प्रश्न ठरलेला. "गाडी कशी आहे?"

गाडी गावात छान चालायची. चर्चला, दुकानात, धक्क्यापर्यंत. पण आमच्या गावातून बाहेर पडायचा रस्ता एकच, आणि तो खाणीचा चढ चढून जातो. त्या चढावर अर्ध्यात पोचलं की प्लिमथचा तापमानाचा काटा तांबड्यात जायचा, झाकणातून वाफ फुसफुसायची. अर्वो गाडी वळवायचा आणि उतारावरून सोडत घरी आणायचा. मग पुढचा महिना दुरुस्ती. त्यानं रेडिएटर धुऊन आणला. थर्मोस्टॅट बदलला. होज पाइप, पट्टा, झाकण, सगळं नवं. प्रत्येक वेळी रविवारी सांगायचा, "आता बहुतेक झालं." आणि पुढच्या रविवारी, "नाही झालं." एक सांगते, त्याच्याकडे कामाचा पिकअप ट्रक होता, चांगला चालणारा. त्यातून तो केव्हाही जाऊ शकला असता. पण हेल्मी हिरवीतून ये म्हणाली होती, आणि त्यानं तो शब्द दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

असे तीन-चार हिवाळे गेले.

मग एका वसंतात, सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला त्या रविवारी, मी त्याच्याकडे कॉफीला होते. फोन आला. अर्वो नेहमीसारखा भिंतीशी उभा राहून बोलत होता. मध्येच म्हणाला, "काय? काय म्हणालीस?" मग त्यानं फोनची लांब वायर सोडवली, दार उघडलं, ओसरीवर गेला आणि फोनचं तोंड सरोवराकडे करून हात लांब धरला. बाहेर बर्फाचे तुकडे काठाला घासत होते. काच पोत्यात भरून कुणी हलवावी तसा आवाज. पायांत नुसते मोजे, तरी तो तसाच उभा राहिला. हाताला रग लागली तसा हात बदलला.

आत येऊन त्यानं फोन कानाला लावला. "ऐकलंस?" पलीकडून ती काय बोलली ते मला कळलं नाही. "बरं," तो म्हणाला. "बरं. जप."

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. कॉफी निवून गेली होती.

"रडत होती का?" मी विचारलं.

"नाही." कप बाजूला सारून म्हणाला, "मार्लिस, तिनं आज गाडीचं विचारलं नाही."

"विसरली असेल."

"हेल्मी?" तो म्हणाला. "ती वाण्याची पिशवी विसरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लॉर्ना पेनहेलकडे गेला. लॉर्नाच्या नवऱ्याचं गावात गॅरेज होतं. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं ती विकेल. तिनं पाटीवरचं नवऱ्याचं नाव रंगवून काढलं आणि स्वतःचं घातलं. समुद्रापलीकडून आलेल्या कोर्निश खाणकामगारांची नात, आवाज भोंग्यासारखा, आणि हेल्मीची शाळेपासूनची मैत्रीण. इतकी वर्षं अर्वो मुद्दाम तिच्याकडे गेला नव्हता. स्वतःची गाडी स्वतः बघायची, असा त्याचा बाणा. निदान आम्हाला तसं वाटायचं.

लॉर्ना अर्वोच्या शेडमध्ये आली. तिनं बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली आणि इंजिनाच्या डोक्यावर पुढं, मधे, मागं, क्षणभर क्षणभर हात ठेवून पाहिला. मागच्या टोकाला हात चटकन उचलला.

"या गाडीत पाणी कुठलं घालतोस?"

"विहिरीचं."

"पहिल्यापासून?"

"मग काय कॉफी घालू?"

"कॉफी घातली असतीस तर बरं झालं असतं. आपल्या विहिरीच्या पाण्यात निम्मी खाण विरघळलेली असते." तिनं हात फडक्याला पुसले. "नळी गेलीय, अर्वो. पाण्याची नळी."

मला कळेना म्हणून तिनं मला बोटानं दाखवलं. त्या इंजिनात सहा सिलिंडर एकामागं एक रांगेत. वॉटर पंपाच्या पाठीमागून पत्र्याची एक चपटी लांब नळी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडाच्या, आत, पार मागच्या भिंतीपर्यंत जाते. तिला भोकं असतात, त्यांतून गार पाणी प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला येतं. नळी गंजली की पाणी पुढच्या पुढं फिरत राहतं आणि मागच्यांना मिळत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही. रेडिएटर, पंखा, पंप, सगळं उतरवल्याशिवाय तिचं टोकसुद्धा नजरेला पडत नाही. आणि ती निघते एकाच बाजूनं. पुढून, सरळ, ओढून.

"पोटातलं दुखणं," लॉर्ना म्हणाली, "आणि तू इतकी वर्षं टोप्या बदलत बसलास."

अर्वोला नवल वाटलेलं दिसलं नाही; त्यानं हात घालून इंजिन बंद केलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हे त्याला माहीत होतं.

मिनेसोटातल्या एका माणसाकडे जुन्या गाड्यांचे भाग मिळायचे. त्याच्याकडून पितळेची नवी नळी मागवली. ती येईपर्यंत अर्वो आणि लॉर्ना या दोघांनी गाडी पुढून उघडली. समोरची जाळी काढली, रेडिएटर उचलून बाहेर ठेवला, पंखा काढला. पंपाचे बोल्ट गंजून बसलेले. तेल सोडायचं, वाट बघायची, पान्याला लोखंडी पाइप लावून जोर द्यायचा, पुन्हा तेल. मी कॉफी नेऊन द्यायचे आणि दिवा धरायचे, कारण शेडमध्ये दुपारीही पुरेसा उजेड नसे. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा अर्वोच्या बोटांची सालटं निघाली होती. पंप बाजूला झाला आणि आत नळीचं टोक दिसलं, तपकिरी, पापुद्रे सुटलेलं, कुजलेल्या दातासारखं.

लॉर्नानं पक्कड लावली. "हळू," अर्वो म्हणाला. तिनं हळूच ओढलं. टोक पक्कडीबरोबर बाहेर आलं, बोटभर, आणि बाकीची नळी आत तशीच राहिली.

"झालं," अर्वो म्हणाला. त्याचा आवाज मला विचित्र वाटला. सुटल्यासारखा. "तुटली. आता नाही निघत ती. ब्लॉक फोडावा लागेल. राहू दे, लॉर्ना. नको."

लॉर्नानं पक्कड खाली ठेवली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"नळीचं राहू दे," ती म्हणाली. "तुला जायचंय की नाही ते सांग."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हेच. ती निघू नये असं तुला वाटतंय. मी काय आजची ओळखते तुला? काटा तांबड्यात गेला की तुला हायसं वाटतं. पुढचा महिना मिळाला."

"लॉर्ना," मी म्हणाले.

"तू गप्प, मार्लिस. याला कुणीतरी विचारायला हवं होतं. मी विचारतेय."

अर्वो उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. हातातल्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आम्हाला वाटलं आता उठून आम्हाला हाकलून देईल.

"तिथं ती खूश आहे," तो म्हणाला. "सकाळी चालायला जाते. शेजारच्या बाईबरोबर पत्ते खेळते. फोनवर मागं पाखरं ओरडत असतात. श्वास घेताना आवाज येत नाही आता तिच्या छातीतून, माहितेय? मी ऐकतो ना. आधी तोच ऐकतो." त्यानं फडकं गुडघ्यावर ठेवलं. "मी तिथं काय करू? इथं मी रस्त्यानं चाललो की लोक म्हणतात, अर्वो. तिथं मी एक म्हातारा. कॅरलच्या सोफ्यावर. पंख्याखाली. रस्ता कसला उघडणार तिथं, वाळूचा? आणि तिला दोन दिवसांत वाटायला लागलं, की हा कशाला आला, तर?"

"तिनं बोलावलंय तुला, गाढवा."

"बोलावलं होतं. परवा विचारलं नाही."

लॉर्नानं पक्कडीतला नळीचा तो तुटलेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाली, "इथंसुद्धा तू म्हातारा एकटाच बसतोस. तिच्या कढईत अंडी तळून खातोस, मी पाहिलंय. गरम जागी बसून मरणाची वाट बघ नाहीतर थंड जागी. पण तिला तरी सांग, की माझी वाट बघू नकोस म्हणून. एवढं तरी नीट कर."

ती गेली. हत्यारांची पेटी मात्र तिथंच ठेवून गेली.

अर्वो बसून राहिला. मी दिवा हातात धरून उभी, विझवावा की नाही कळेना. अखेर तो उठला. शेडच्या भिंतीला बर्फाच्या ट्रकचं जुनं सामान टांगलेलं असे. त्यातून त्यानं पोलादी सळई काढली, हातभर नव्हे, चांगली लांब. तिचं टोक शेगडीत लाल केलं आणि ठोकून आकडा केला, अगदी चपटा, नखाएवढा. "धर दिवा," तो मला म्हणाला. "खाली. आणखी खाली."

त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस तो त्या भोकाशी झगडत होता. सळई नळीच्या आतून पार शेवटपर्यंत घालायची, आकडा मागच्या कडेला अडकवायचा आणि ओढायचं. आकडा सुटायचा. कधी नळीचा एखादा कपचा घेऊन यायचा, आणि त्यामागून गंजाचा काळा चिखल. मग त्यानं बाजूचा मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा जाड लोखंडी पाइप, उतरवला. त्याच्यामागं ब्लॉकच्या कुशीला वाटीसारखी झाकणं असतात, तिथं हात वाकडा करूनसुद्धा नीट पोचत नाही. अर्वो गाडीखाली आडवा झाला, गाल चाकाला टेकवून त्यानं छिन्नीनं ती ठोकून काढली. त्या भोकांतून नळीची कूस दिसली. आता तो बाजूनं ढोसायचा आणि मला पुढून सळई ताणायला लावायचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी लॉर्ना परत आली. पेटी न्यायला आले म्हणाली. दारात उभी राहून तिनं गाडीखालून बाहेर आलेले अर्वोचे बूट पाहिले.

"मार्लिस, तू सळई धरतेस की बकरी दोहतेस? सरक."

ती दोन्ही पाय बंपरला लावून जमिनीवर बसली. "सांग कधी ते."

"आता," गाडीखालून आवाज आला.

तिनं ओढलं. काहीतरी आत कुरकुरलं. "पुन्हा," अर्वो म्हणाला. नळी बोटभर सरकली. "पुन्हा!" मग ती एकदम सुटली, लॉर्ना पाठीवर पडली, आणि तिच्या मांडीवर ती लांब, वेडीवाकडी, जाळी झालेली गंजकी पट्टी आणि बादलीभर काळं पाणी. लॉर्ना चिखलात बसल्या बसल्या इतकी ओरडली, की रस्त्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. अर्वो गाडीखालून निघाला. त्यानं ती पट्टी उचलून उजेडात धरली. तिच्यातून पलीकडचं सगळं दिसत होतं.

नवी नळी वंगण लावून सरळ आत गेली, कुठं अडली नाही. त्या आधी दोन दिवस त्यांनी ब्लॉक पाण्याच्या फवाऱ्यानं धुतला होता. पंप, पॅकिंग, पंखा, रेडिएटर, जाळी, जे निघालं होतं ते उलट्या क्रमानं चढलं. विहिरीचं पाणी लॉर्नानं शेडच्या आसपासही येऊ दिलं नाही.

खाणीच्या चढाला आम्ही तिघं गेलो. लॉर्ना मागं, मी अर्वोच्या शेजारी, हेल्मीच्या जागेवर. मला तिथं बसताना अवघडल्यासारखं झालं, पण तो म्हणाला बस. चढ सुरू झाला. अर्ध्यात ते वळण आलं जिथं तो नेहमी गाडी फिरवायचा. तिथं रस्त्याच्या कडेला चाकोऱ्याच पडल्या होत्या. आम्ही सगळे त्या काट्याकडे बघत होतो. काटा होता तिथंच होता. वळण मागं पडलं, झाडी संपली, वर माळ लागला आणि पाठीमागं अख्खं सरोवर उघडं पडलं.

अर्वोनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं नाही. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून तो पुढच्या रस्त्याकडे बघत होता. लॉर्ना काहीतरी टोमणा मारणार, म्हणून मी मागं वळून पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती.

त्यानं रविवारची वाट पाहिली नाही. त्याच दुपारी स्वतः फोन लावला. आम्हाला जा म्हणाला नाही, म्हणून आम्ही थांबलो.

"हेल्मी, चढ चढली."

पलीकडून तिचा आवाज इतका मोठा, की खोलीभर ऐकू आला. "खोटं बोलतोयस, म्हाताऱ्या."

"लॉर्नाला विचार."

लॉर्नानं फोन हातातून ओढला. "चढली ग. तुझा नवरा गाडीखाली झोपला होता आठवडाभर. धुऊन पाठवते." आणि फोन परत दिला.

अर्वो ऐकत राहिला. "तू विचारायचं का बंद केलंस?" त्यानं विचारलं. मग बराच वेळ नुसतं "हं, हं." फोन ठेवल्यावर त्यानं आम्हाला सांगितलं: तिला वाटायला लागलं होतं, की आपण विचारतो म्हणून त्याला खोटं बोलावं लागतं. म्हणून तिनं त्या रविवारी त्याला त्यातून मोकळा केला. आणि मग, दुसरं काय मागावं सुचेना, म्हणून सरोवराचा आवाज मागितला.

उन्हाळा तिकडे भट्टीसारखा, म्हणून सप्टेंबरला निघायचं ठरलं. लॉर्ना म्हणायची, "ऑगस्टमध्ये काहीतरी मोडेल बघ, गाडीचं नाहीतर याचं." काही मोडलं नाही. त्या उन्हाळ्यात तो रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसायचा. सौनाचे दगड बदलले, झुडपं छाटली, जळाऊ लाकडं नीट रचून ठेवली. कोण जाळणार होतं कोण जाणे. निघायच्या सकाळी थंडी पडली होती. मी त्याला निसूचा पाव दिला, हेल्मीसारखा मला जमत नाही हे सांगून. तो म्हणाला, "तिच्या पावालाही माझ्याशिवाय कुणी चांगला म्हणत नव्हतं," आणि गाडीत बसला. लॉर्नानं टपावर थाप मारली, गुरांना हाकताना मारतात तशी.

वाटेत तो कॅन्ससहून एकदा बोलला, न्यू मेक्सिकोतून एकदा. दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगितली: काटा जागेवर आहे.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मी तिकडे जाऊन आले. अर्वो तांब्यासारखा लाल झाला होता, डोक्यावर गवती टोपी. हेल्मी आणखी बारीक, नाकाला प्राणवायूची नळी, हसणं मात्र तेच. टुसॉनच्या वरती मोठा डोंगर आहे. खाली निवडुंग, आणि माथ्यावर आपल्यासारखे पाईन. हिवाळ्यात वर बर्फसुद्धा असतो. एवढ्या उंचीवर हेल्मीला श्वास पुरत नाही. म्हणून आम्ही प्लिमथमधून अर्ध्या डोंगरापर्यंत गेलो. तिथं दगडी बाकावर कॅरल आणि हेल्मी बसल्या, आणि अर्वो मला घेऊन वर गेला. त्या चढापुढं आमच्या खाणीचा चढ म्हणजे घराची पायरी. माथ्यावर पाईनखाली गुडघाभर बर्फ होता. अर्वो उतरला, मऊ बुटांनीच त्यात गेला आणि उभा राहिला. बर्फ ढकलण्यात आयुष्य गेलं त्याचं. तो नुसता उभा होता. मग त्यानं बर्फाच्या पेटीत, जिच्यात लोक सरबतं गार ठेवतात, दोन्ही हातांनी भरभरून बर्फ घातला.

खाली आलो तेव्हा त्यातला बराचसा टिकला होता. हेल्मीनं ओंजळ पुढं केली. तिनं तो गालाला लावला, थोडा खाल्ला. बोटांमधून पाणी गळत होतं.

"शहरी बर्फ," ती म्हणाली. "याला धुराचा वास नाही."

"तुला धूर चालत नाही," अर्वो म्हणाला.

"माहितेय रे." तिनं ओंजळ रिकामी होईपर्यंत हात खाली घेतले नाहीत.

कॅरल मला म्हणाली, दोघंही इकडचं कौतुक करतात, आणि हवामानाच्या बातम्या तिकडच्या बघतात.

त्यांना तिथं असे तीन हिवाळे मिळाले. तिसऱ्याच्या शेवटी हेल्मी झोपेतच गेली. तिनं सांगून ठेवलं होतं, मला गावी नेऊ नका, एवढ्या लांब, तो बिचारा दमेल. म्हणून ती तिथंच, एका काटेरी झाडाच्या विरळ सावलीत आहे.

आम्हाला सगळ्यांना वाटलं अर्वो परत येणार. घर होतं, मी किल्ली सांभाळत होते, लॉर्नानं नळ उघडून पाहिले. जुलैमध्ये तो आला, विमानानं, छोट्या पिशवीसह. लॉर्नानं पेस्टी, म्हणजे मांस-भाजी भरलेल्या खाणवाल्यांच्या मोठ्या करंज्या, केल्या, सलगम जास्त घालून, त्याला आवडतात तशा. जेवून तो काठावर गेला आणि संध्याकाळ होईपर्यंत दगडावर बसून राहिला. पाणी त्या दिवशी अगदी शांत होतं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबत होता. "अर्वो! आलास का?" तो हात वर करायचा.

मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. सौना तापवू का, विचारलं. गाद्यांना ऊन दाखवून ठेवलंय, म्हणाले.

त्यानं मान हलवली. सरोवराकडे तो असा बघत होता, जसं तहानलेला माणूस दुसऱ्याच्या हातातल्या पेल्याकडे बघतो.

"छान आहे ग," तो म्हणाला. "सगळं आहे तसंच आहे. पण उद्याच निघतो. तिला तिथं एकटीला ठेवून आलोय, मार्लिस. फार राहता यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉर्नानं त्याला विमानतळावर सोडलं.